मुलींच्या शिक्षणासाठी कपड्यांचं लेबल : पार्श्वभूमी

शाळा आणि शिवण यांचं नातं आपल्याकडे जुनं आहे, पण ते उलट्या बाजूने सुरू झालं. मिशनच्या मुलींच्या शाळांत शिवण-भरतकाम हा ठरलेला विषय असे. पुढे केडगावला पंडिता रमाबाईंच्या आश्रमात, आणि १९०९ नंतर रमाबाई रानड्यांच्या पुण्याच्या सेवासदनात, शिवण हे बाईला स्वतःच्या कमाईवर उभं राहण्याचं साधन झालं. शाळा शिवण शिकवत होती. शिवणीच्या पैशांतून शाळेला हातभार लावायचा, म्हणजे कपड्यांच्या लेबलने (ब्रँडने) कमाईतला वाटा मुलींच्या शिक्षणाला द्यायचा, ही कल्पना बरीच नंतरची.

तिचं मोठं उदाहरण बांगलादेशात सापडतं. तिथल्या एका ग्रामीण विकास संस्थेने १९७८ साली ढाक्यात दुकान काढलं. खेड्यातल्या बायका रेशमाचा, भरतकामाचा माल देत आणि शहरातले दुकानदार त्यांचे पैसे महिनोन्‌महिने अडकवून ठेवत. नव्या दुकानाने माल आला की पैसे, हा शिरस्ता घातला. त्याच संस्थेने १९८५ मध्ये एका खोलीच्या, एकशिक्षकी २२ शाळा सुरू केल्या आणि त्यांत मुलींना प्राधान्य दिलं. पुढे दुकानाचा मोठा ब्रँड झाला व त्याची शिल्लक संस्थेच्या कामांना मिळू लागली. आधी बाईचे पैसे वेळेवर, मग शाळा, हा क्रम महत्त्वाचा आहे.

भारतात मात्र कापडाचा धंदा मुलींना शाळेतून बाहेर काढत होता. संकरित कापसाचं बियाणं तयार करताना प्रत्येक कळीतले पुंकेसर हाताने काढायचे आणि दुसऱ्या दिवशी त्या फुलाला दुसऱ्या वाणाचा पराग लावायचा. या कामाला तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या कुर्नूल, महबूबनगरच्या शेतांत लहान मुली लावल्या जात. नव्वदच्या दशकाअखेर हे प्रकरण उघड्यावर आलं. तमिळनाडूच्या सूतगिरण्यांत किशोरवयीन मुलींशी तीन वर्षांचा करार व्हायचा. गिरणीच्या वसतिगृहात राहायचं आणि शेवटी लग्नासाठी म्हणून एकरकमी पैसे घ्यायचे. मध्येच काम सोडलं तर ते पैसे बुडायचे. मुलींच्या शिक्षणाचं नाव घेणाऱ्या लेबलने आपलं सूत कुठून येतं हे विचारायचं ते यासाठी.

२०१३ हे वर्ष दोन कारणांनी निर्णायक ठरलं. एप्रिलमध्ये ढाक्याजवळ सावरला कपड्यांच्या कारखान्यांची आठ मजली इमारत कोसळली आणि १,१०० हून अधिक कामगार दगावले; त्यांत बहुसंख्य बायका होत्या. कपडा कोणी शिवला, हा प्रश्न त्यानंतर ग्राहक विचारू लागले. त्याच वर्षी आपल्याकडे नवा कंपनी कायदा आला. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून जास्त आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले २ टक्के समाजकार्यावर खर्च करायचे. शिक्षण त्या यादीत आहेच. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू झालं.

खरा वाद आहे तो या कायद्याच्या नियमांतल्या एका कलमावर. कंपनीच्या कर्मचाऱ्यांच्याच फायद्यासाठी आखलेला उपक्रम समाजकार्यात धरला जात नाही. हेतू योग्य होता. नाहीतर कंपन्यांनी स्वतःच्या माणसांना देणं असलेल्या सोयीच दान म्हणून दाखवल्या असत्या. कपड्यांच्या धंद्यात मात्र हे कलम विचित्र वळण घेतं. काजबटण, तुरपाई, धागेकटाई ही कामं ठेकेदारामार्फत घरोघरी जातात. पीसप्रमाणे पैसे मिळतात, हजेरीपटावर नाव नसतं. शाळेतून आलेली मुलगी आईशेजारी बसून छोट्या कात्रीने धागे तोडते, कारण सकाळी गठ्ठा परत द्यायचा असतो. या बाईला भविष्य निर्वाह निधी देताना ती कर्मचारी नसते. तिच्या मुलीला दप्तर देताना मात्र, कर्मचारी नसल्यामुळेच, ती समाजकार्यात बसू शकते. एका पीसमागे रास्त दर दिला असता तर ते दप्तर आईनेच घेतलं असतं. २०२१ च्या दुरुस्तीने मालाच्या जाहिरातीसाठी केलेलं प्रायोजकत्वही समाजकार्यातून वगळलं. त्यामुळे ‘एक कुर्ती घ्या, एका मुलीला शाळेत पाठवा’ ही मोहीम कुठे मोडते, यावर हिशेबनिसांतही एकमत नाही.

नवी, छोटी लेबलं या कायद्यात येतच नाहीत. त्यांना मोकळीक आहे, आणि कारागिरांच्या मुलींपासून सुरुवात करायला त्यांना कोणी अडवलेलं नाही. मात्र त्यांनी जाहीर केलेला टक्का कशाचा, हे पाहावं लागतं. समजा कुर्ती १,५०० रुपयांची आहे. विक्रीचे २ टक्के म्हणजे ३० रुपये, धंदा तोट्यात असला तरी ते द्यायचेच. नफ्याचे १० टक्के ऐकायला मोठे वाटतात, पण पहिली दोन-तीन वर्षं नफाच झाला नाही तर शाळेला शून्य. संस्थापिका नफ्याचा टक्का निवडतात कारण सुरुवातीला हातात खेळतं भांडवल नसतं. ती अडचण खरी आहे. तरीही दर वर्षी जूनमध्ये वह्या-गणवेश घ्यायचे असतात, आणि ते कोणाच्या ताळेबंदासाठी थांबत नाहीत.

पैसा कशावर लागतो, हेही बदललं आहे. १९९२ मध्ये महाराष्ट्र सरकारने गरीब घरांतल्या प्राथमिक शाळेतल्या मुलींना हजेरीमागे दिवसाला एक रुपया भत्ता सुरू केला. २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांपर्यंत शिक्षण मोफत झालं. २०२४ मध्ये आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक पदव्यांची फीही माफ झाली. तेव्हा नुसती फी भरणारं लेबल बहुतेक ठिकाणी सरकारने आधीच उचललेला भार पुन्हा उचलतं. आठवीनंतर गावात वर्ग नसणं, शेवटची एसटी चुकणं, तालुक्याला वसतिगृहात जागा न मिळणं, धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी कोणी नसणं, इथे मुली गळतात, आणि यांतल्या बऱ्याचशा खर्चाची पावती शाळेच्या नावाने निघत नाही.