कोणता गुण्या? ४५° चा की ३०°-६०° चा?

कंपासपेटीत दोन गुण्ये असतात, एक बसका आणि एक उंच, निमुळता. बहुतेक पोरं वर्षभर त्यांनी समास आखतात आणि तेच दोन त्रिकोण भूमितीच्या पेपरात आले की गोंधळतात. √२ कुठे आणि √३ कुठे, एवढ्यावरच गाडी अडते. गुणोत्तरं पाठ असतात, पण ऐन वेळी ती एकमेकांत मिसळतात. म्हणून मी मुलांना आधी विचारते, हा तुकडा कुठल्या अख्ख्या आकाराचा?

चौरस कर्णावर कापला की बसका गुण्या मिळतो. चौरसाचा कर्ण आणि काटकोन त्रिकोणाचा कर्ण यांना मराठीत शब्द एकच, आणि इथे रेघही एकच. बाजू ५ सेमी असेल तर कर्ण ५√२, म्हणजे साधारण ७.०७ सेमी. समभुज त्रिकोण उंचीवर कापला की निमुळता गुण्या मिळतो. बाजू १० सेमी असेल तर पाया कापला जाऊन ५ उरतो, कर्ण १० चा १० राहतो आणि उंची येते ५√३, म्हणजे ८.६६ सेमी. इथे √३ कर्णावर नसतो. तो मधल्या लांबीच्या बाजूवर, ६०° च्या समोर असतो. मुळाचं चिन्ह दिसलं की ती बाजू सर्वांत मोठी, असं मुलांना का वाटतं कोण जाणे; १.७३ हा २ पेक्षा लहानच आहे.

नववीत प्रमेय असतं: ३०° च्या कोनासमोरील बाजू कर्णाच्या निम्मी असते. पाठ म्हणताना यातला ‘कर्णाच्या’ हळूच गळतो आणि फक्त ‘निम्मी’ उरतं. मग काटकोन करणाऱ्या बाजू ४ आणि ८ दिसल्या की ‘निम्मी आहे, म्हणजे ३०°!’ नाही. तिथे कर्ण ४√५ येतो आणि लहान कोन २६.५° च्या आसपास. हा कुठलाच गुण्या नाही.

दुसरा चकवा करणीचा. √३ दिसला म्हणजे ३०°-६०° असं धरून चालू नका. काटकोन करणाऱ्या दोन्ही बाजू ५√३ असतील तर कर्ण ५√६, आणि त्रिकोण सरळ ४५° चा. उलट बाजू √२, √६ आणि २√२ अशा असतील तर √२ बघून हात बसक्या गुण्याकडे जातो. पण सगळ्यांना √२ ने भागा: १, √३, २. निघाला निमुळता! म्हणून आकडा बघू नका, सर्वांत लहान बाजूने बाकीच्यांना भागा.

कोन दिलेलाच नसतो, तिथे खरी परीक्षा. वर्तुळाची त्रिज्या १० आहे आणि जीवा १०√२. केंद्रातून जीवेच्या टोकांना त्रिज्या काढल्या की मधला कोन ९०°, आणि जीवा केंद्रापासून ५√२ अंतरावर. आता जीवा १०√३ करा. केंद्रापासून लंब टाकला की तो जीवेला दुभागतो. अर्धी जीवा ५√३, कर्ण १०, म्हणून अंतर ५. केंद्राजवळचा कोन ६०°, दोन्ही बाजूंचा मिळून १२०°.

कधी दोघे एकाच आकृतीत दडलेले असतात. त्रिकोणाचे पायाकडचे कोन ४५° आणि ३०°, आणि ४५° कडची तिरकी बाजू ८√२. वरच्या शिरोबिंदूतून पायावर लंब टाका. डावीकडे बसका गुण्या: लंब ८, पायाचा तुकडा ८. तोच लंब उजवीकडे ३०° च्या समोर, म्हणून तिरकी बाजू १६ आणि पायाचा तुकडा ८√३. पाया ८ + ८√३. वरचा कोन ४५ + ६० = १०५°. पट्टीवर दोन गुण्ये शेजारी ठेवून बघा, हीच आकृती दिसते.

३-४-५ ला मात्र यात ओढू नका. गवंडी कोपरा गुण्यात आहे का हे त्याने तपासतात, कारण काटकोन पक्का मिळतो. बाकीचे कोन सुमारे ३६.९° आणि ५३.१°.

आणि एक गंमत. ए-४ कागद २१० बाय २९७ मिमी असतो. बाजूंचं गुणोत्तर जवळजवळ १ : √२, आणि तिरकी घडी घातली तर ती सुमारे ३६३.७ मिमी, म्हणजे लहान बाजूच्या √३ पट. √२ आणि √३ दोन्ही हजर! पण घडीच्या टोकाशी निमुळत्या गुण्याचा ३०° चा कोपरा लावून पाहा. बसत नाही, पाचेक अंश कमी पडतात.