अपॉपका सरोवर वन्यजीव वाहनमार्ग

अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात, ऑरलँडो शहराच्या वायव्येस असलेल्या अपॉपका सरोवराच्या उत्तर काठावरील सु. 18 किमी. लांबीचा एकेरी वाहनमार्ग. सेंट जॉन्स नदी जलव्यवस्थापन संस्थेने तो 2015 मध्ये पक्षिनिरीक्षणासाठी खुला केला. मार्ग मुख्यतः जुन्या शेतांच्या बांधांवरून जातो.

सरासरी जेमतेम दीड मीटर खोल असलेले हे सरोवर 1940 च्या दशकापर्यंत स्वच्छ पाण्यासाठी आणि मासेमारीसाठी प्रसिद्ध होते. त्याच दशकात उत्तरेकडील दलदल बांध घालून सरोवरापासून तोडण्यात आली व तिथे भाजीपाला पिकू लागला. पुढे पाणी शेवाळाने हिरवे झाले. या ऱ्हासाच्या कारणाविषयी मतभेद आहेत. एका मतानुसार 1947 च्या चक्रीवादळाने तळातील पाणवनस्पती उपटल्या आणि त्यानंतर वाऱ्याने सतत ढवळल्या जाणाऱ्या गाळामुळे त्या पुन्हा रुजू शकल्या नाहीत. दुसऱ्या मतानुसार शेतांतून उपसून सरोवरात सोडलेल्या पाण्यातील, शेवाळाला पोसणारा फॉस्फरस हे मूळ कारण होय. शेती थांबल्यावर फॉस्फरस घटून पाणी निवळू लागले व काही भागांत पाणवनस्पती परतल्या, ही गोष्ट दुसऱ्या मताला अधिक अनुकूल आहे. वनस्पती इतक्या झपाट्याने का गेल्या, हे मात्र वादळ जमेस धरल्याखेरीज नीट उलगडत नाही.

राज्याच्या 1996 च्या कायद्यानंतर शेते विकत घेऊन 1998 मध्ये त्यांवर पाणी चढविण्यात आले. त्या हिवाळ्यात पक्ष्यांची विलक्षण गर्दी झाली, पण पाठोपाठ पांढरे पेलिकन, करकोचे व बगळे शेकड्यांनी मेले. मातीत साठलेली डीडीटी, टॉक्सॅफीन व डायेल्ड्रिन ही कीटकनाशके माशांवाटे त्यांच्या शरीरात गेली, असा निष्कर्ष निघाला. प्रत्येकाचा वाटा वेगळा काढणे कठीण असले तरी, तत्काळ मृत्यूस डीडीटीपेक्षा उरलेली दोन अधिक कारणीभूत असावीत. पुढे काही क्षेत्रात खोल नांगरणीने दूषित थर खाली गाडून मगच पाणी सोडण्यात आले.

मार्ग शुक्रवार ते रविवार व संघराज्याच्या सुट्यांना खुला असून वेगमर्यादा ताशी 10 मैल आहे. चालत्या माणसापेक्षा संथ मोटारीला पक्षी कमी बुजतात, म्हणून मोटारच लपणाचे काम करते. इथे 360 हून अधिक जाती नोंदल्या गेल्या असून हिवाळा विशेष अनुकूल असतो. महाराष्ट्रातील निरीक्षकांना परिचित अशी मोर शराटीही इथे दिसते.