मेघालयातील चुनखडीच्या गुहा: सहलीला निघण्याआधी वाचा

अजिंठा-वेरूळची लेणी माणसाने बेसॉल्टमध्ये छिन्नीने कोरली. मेघालयातल्या गुहा पाण्याने कोरल्या, आणि आत कधी जायचे हेही पाणीच ठरवते.

पावसाचे पाणी हवेतून, आणि त्याहून जास्त मातीतून, कार्बन डायऑक्साइड घेते आणि किंचित आंबट होते. चुनखडीच्या भेगांत उतरताना ते दगड विरघळवत जाते. सोहरा (चेरापुंजी) भागात वर्षाला सरासरी ११,००० मिमीहून जास्त पाऊस पडतो, तेव्हा पाण्याला कमतरता नाही. बेसॉल्ट असा विरघळत नाही, म्हणून सह्याद्रीत या जातीच्या गुहा सापडत नाहीत.

छतातून झिरपलेला थेंब गुहेच्या हवेत आला की कार्बन डायऑक्साइड निसटतो आणि चुना जागीच साचतो. लवणस्तंभ बनतो तो असा. वाढ वर्षाला मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास, कित्येकदा त्याहूनही कमी. वीतभर लांबीला दोनेक हजार वर्षे सहज लागतात. हात लावला तर त्वचेचे तेल बसते, त्या जागी पाणी नीट पसरत नाही आणि वाढ खुंटते. फोटोसाठी टेकून उभे राहणेही त्यातच आले. मावम्लुह गुहेतल्या अशाच एका स्तंभात ४,२०० वर्षांपूर्वी मोसमी पाऊस दुबळा पडल्याची नोंद मिळाली, आणि २०१८ मध्ये भूशास्त्रीय कालगणनेतल्या चालू कालखंडाला ‘मेघालयन’ नाव मिळाले.

मावस्माई गुहेत दिवे आहेत, वाट सुमारे १५० मीटरची. काही ठिकाणी वाकून, अंग चोरून जावे लागते. पाठीवरची सॅक गाडीतच ठेवा.

अंधाऱ्या, पाण्याच्या गुहांची गोष्ट वेगळी. चुनखडीच्या प्रदेशात पाऊस विवरांतून थेट खाली उतरतो. तोंडाशी कोरडे असताना वरच्या डोंगरावर सर आली, तरी आतले पाणी चढते. म्हणून आम्ही या गुहा नोव्हेंबर ते मार्चच करतो, आणि त्यातही पाऊस दिसला तर बेत रद्द. आग्रह करू नये. पाणी एकदम गढूळ झाले, काडीकचरा वाहत आला किंवा आवाज वाढला, तर वाटाड्या सांगेल तसे तत्काळ निघायचे.

प्रत्येकाकडे तीन दिवे हवेत, एक हेल्मेटवर. मोबाइलच्या उजेडावर विसंबू नका: एक हात अडकतो, आणि तोच आधाराला लागतो. जीन्स नको, भिजली की जड होते, वाळत नाही, थंडी भरते. गमबूट कंबरभर पाण्यात आतून भरतात, त्यापेक्षा पकड असलेले, घोटा झाकणारे बूट चांगले. आत खाऊ नका; सांडलेल्या कणांवर बुरशी धरते.

वटवाघळांच्या वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून फुफ्फुसांना बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. दमा असेल, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू असतील, गुडघे दुखत असतील किंवा कोंदट जागेची भीती वाटत असेल, तर बुकिंगच्या वेळीच सांगा. तेवढ्या वेळात तुम्हाला नोहकालिकाई धबधब्याकडे नेण्याची सोय करता येते. गुहेच्या तोंडाशी सांगितले तर गाडी दुसरीकडे गेलेली असते.