तापमान नको, सावली बघा

ढगाळ हवा, सुटलेला वारा, अंगाला सुखद गारवा. अशा दिवशी दुपारी तास-दोन तास मोकळ्यावर काढले की संध्याकाळी मान आणि कानांच्या पाळ्या चुरचुरायला लागतात. ‘आज तर ऊनच नव्हतं’ असं आपण म्हणतो. पण अंगाला जाणवते ती उष्णता, आणि त्वचा भाजतात ते अतिनील किरण. ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि त्यांचा चटकाही बसत नाही. ते ओळखणारं इंद्रियच आपल्याला नाही. उष्ण कटिबंधात राहणाऱ्यांची गफलत नेमकी इथे होते: आपण उकाड्यापासून जपतो आणि त्यालाच उन्हापासून जपणं समजतो.

घड्याळाकडे पाहिलं तर ही चूक लगेच दिसते. अतिनील किरणांचा मारा सूर्य माथ्यावर असताना, म्हणजे साधारण बारा ते साडेबाराला, सर्वांत तीव्र असतो. हवा मात्र जमीन तापल्यानंतर तापते, त्यामुळे पारा सर्वांत वर जातो तो दोन-तीन वाजता. तीनचं ऊन टाळायचं म्हणून अकरा-बारालाच बाहेरची कामं उरकणारा माणूस उष्माघातापासून कदाचित वाचतो, पण अतिनील किरणांच्या अगदी तोंडी सापडतो.

याचं कारण किरणांच्या वाटेत आहे. सूर्य क्षितिजापासून ३० अंशांवर असताना किरणांना वातावरणाचा जवळपास दुप्पट जाड थर कापून यावं लागतं. वाटेतला ओझोन त्यातले बरेचसे मध्यम लांबीचे, त्वचा भाजणारे किरण गिळतो. सूर्य डोक्यावर आला की ही वाट सर्वांत आखूड होते. कर्कवृत्त आणि मकरवृत्ताच्या मधल्या पट्ट्यात सूर्य वर्षातून दोनदा थेट माथ्यावर येतो आणि हिवाळ्यातही फारसा खाली उतरत नाही. त्यातच या पट्ट्यावरचा ओझोनचा थर समशीतोष्ण प्रदेशांपेक्षा पातळ असतो. त्यामुळे थंड देशांत हिवाळ्यात मिळते तशी सुट्टी इथल्या त्वचेला मिळत नाही.

हा मारा मोजायचं माप म्हणजे यूव्ही इंडेक्स, अर्थात अतिनील किरणांचा निर्देशांक. १९९२मध्ये कॅनडाने तो वापरायला सुरुवात केली, तेव्हा तिथल्या कडक उन्हाळ्यातली दुपार म्हणजे साधारण १०, असा हिशोब होता. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने तो स्वीकारला. २ पर्यंत धोका कमी. ३ पासून काळजी घ्यायची. ८ ते १० म्हणजे अति तीव्र आणि ११ पासून पुढे आत्यंतिक. उष्ण कटिबंधात निरभ्र दुपारी १२-१३ हा आकडा नवलाचा नाही. आकडा दुप्पट झाला की त्वचा भाजायला लागणारा वेळ निम्मा होतो. उंचीवर, दर हजार मीटरला, अतिनील किरणं सुमारे १० टक्क्यांनी वाढतात. बोलिव्हियातल्या लिकांकाबूर ज्वालामुखीवर २००३च्या डिसेंबरात ४३ चा आकडा नोंदला गेला होता.

मोबाइलवर हा आकडा मिळतो, पण मला त्याहून आवडते ती सावलीची खूण. उघड्यावर ताठ उभं राहायचं आणि आपली सावली बघायची. ती आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल, तर सूर्य ४५ अंशांच्या वर आहे, आडोसा शोधायचा. लांब असेल तर धोका बराच कमी. थंडी असो वा उकाडा, ही खूण चालते.

पातळ ढगांनी फारसा फरक पडत नाही, बरेचसे अतिनील किरण त्यातून आरपार येतात. तुटक ढगांच्या कडांवरून परावर्तन होऊन काही मिनिटं ते उलट वाढतातही. काचेचं प्रकरण वेगळं आहे. खिडकीची साधी काच त्वचा भाजणारे किरण अडवते, पण त्वचेत खोल शिरून सुरकुत्या आणणारे लांब लहरींचे किरण आत सोडते. वर्षानुवर्षं ट्रक चालवलेल्या एका गृहस्थांचं छायाचित्र २०१२मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात आलं होतं: चेहऱ्याची खिडकीकडची डावी बाजू जाड, खोल सुरकुत्यांनी भरलेली, आणि उजवी तिच्या मानाने कितीतरी तरुण.

‘आम्ही सावळे, आम्हाला काय होतंय’ हा समज मला सर्वांत जास्त काळजीचा वाटतो. त्वचेला रंग देणारं मेलॅनिन संरक्षण देतं, त्वचेच्या कर्करोगाचा धोकाही त्याने खूप कमी होतो. पण अगदी काळ्या त्वचेचं संरक्षणही फार तर १३ एसपीएफच्या (सनस्क्रीनच्या बाटलीवरचा संरक्षणाचा आकडा) आसपास भरतं. आणि डोळ्यांचं काय? मोतीबिंदू लवकर येण्यात आणि बुबुळावर चढणाऱ्या मांसाच्या वाढीत अतिनील किरणांचा हात असतो, मग त्वचेचा रंग कोणताही असो. गॉगल घेताना ‘यूव्ही ४००’, म्हणजे अतिनील किरण अडवणारी काच, असं लिहिलंय का ते बघा. नुसत्या गडद काचेने बाहुली मोठी होते आणि काच किरण अडवणारी नसेल तर ते जास्तच आत शिरतात.

सनस्क्रीन बहुतेक जण फार कमी लावतात. बाटलीवरचा एसपीएफ मिळायचा तर चेहरा आणि मानेला दोन बोटांच्या लांबीइतकं लागतं, आणि दर दोन तासांनी पुन्हा, घाम येत असेल तर त्याआधीही. म्हणून माझा पहिला भर कपड्यांवर: घट्ट विणीचा, सैलसर, पूर्ण बाह्यांचा सदरा. पांढरं पातळ सुती कापड ओलं झालं की किरण अडवण्याची त्याची ताकद घटते. टोपी चहूबाजूंनी रुंद काठाची हवी, पुढे चोच असलेल्या टोपीने कान आणि मान उघडे राहतात. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सनस्क्रीनऐवजी सावली आणि अंगभर सुती कपडेच बरे.