मुंबईची बिनदारूची बैठक: सोडा, नीरा आणि इराण्याचं टेबल

दारू न पिणाऱ्याला मुंबईत चांगलं पेय मिळणं कधीच अवघड नव्हतं. अवघड झालं ते दिवेलागणीनंतर ते पेय समोर ठेवून निवांत बसणं. पेयं टिकली आणि बैठका गेल्या, त्यामागे सोड्याइतकाच दारूबंदीचाही हात आहे.

सोडावॉटर इंग्रजांबरोबर आलं. ते औषधांच्या दुकानांतून विकलं जाई आणि साहेबाच्या व्हिस्कीतही पडे. शहरात त्याचा स्वतंत्र धंदा उभा केला तो मुख्यतः पारशांनी. सोड्याची पालनजी ही कंपनी १८६५ सालची. ड्यूक्स ही दुसरी कंपनी दिनशाजी पांडोळे यांनी १८८९ मध्ये सुरू केली. लेमन, जिंजर, आइसक्रीम सोडा, रासबेरी ही चवींची यादी त्या काळापासून आजवर फारशी बदललेली नाही.

या धंद्याला गल्लीबोळात नेलं ते गोटीच्या बाटलीने. हायरम कॉड या इंग्रजाने १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिचं पेटंट घेतलं. तिला बूच नाही, झाकण नाही. बाटली उलटी धरून भरतात. सरळ करताना आतला वायू गोटीला गळ्यातल्या रबरी कड्यावर दाबून धरतो आणि तोंड बंद होतं. कडं सुकून चिरलं की वायू हळूहळू निघून जातो. म्हणून गोटी दाबताना जोरात फुस्स आवाज आला नाही, तर ती बाटली परत करावी. ओतताना गळ्याच्या दोन खाचा खालच्या बाजूला ठेवायच्या, म्हणजे गोटी त्यांत अडकते. उलट धरली तर ती घरंगळत तोंडाशी येते आणि धार तुटते.

सोडा पारशांचा होता, तसे ताडी आणि दारूचे मक्तेही बऱ्याच अंशी त्यांच्याच हातात होते. त्यामुळे १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई प्रांताच्या खेर मंत्रिमंडळाने मुंबई शहरात दारूबंदी लागू केली, तेव्हा सर्वांत तीव्र विरोध याच समाजातून झाला. अबकारी खात्याचे मंत्री होते डॉ. गिल्डर, तेही पारशीच. स्वतः हृदयरोगाचे डॉक्टर असलेल्या या माणसाने समाजाचा रोष पत्करून बंदी रेटली, आणि त्याचं धैर्य आम्हाला आजही मोठं वाटतं. मंत्रिमंडळ काही महिन्यांतच पायउतार झालं. पुढे १९४९ चा कायदा आला आणि १९५० पासून बंदी राज्यभर झाली.

ताडीचं झाड तेच ठेवून वेगळं पेय विकायचं, हा नीरेमागचा विचार. रेल्वे स्थानकांवरची नीरा केंद्रं त्याच धोरणातून रुजली. रस रात्रभर मडक्यात साठतो आणि सूर्य वर येण्याआधी उतरवतात. मडक्याला आतून चुना लावलेला असतो, कारण चुन्यामुळे यीस्टची वाढ मंदावते. चुना जास्त झाला तर जिभेवर खारट-तुरट थर बसतो. थंड ठेवली नाही तर काही तासांत नीरेची ताडी होते, म्हणून ती सकाळीच प्यावी. चांगली नीरा पातळ आणि गोड असते. फेस, बुडबुडे किंवा आंबूस वास आला तर पेला खाली ठेवावा. त्यात अल्कोहोल तयार होऊ लागलेलं असतं.

बंदीच्या वर्षांत उघडपणे बसायची जागा म्हणजे इराणी आणि उडपी. संगमरवरी टेबल, एक चहा किंवा रासबेरी, आणि कुणी उठवायला येत नाही. १९६० च्या दशकात मुख्यमंत्री वसंतराव नाईकांच्या काळात बंदी सैल झाली, परवाने मिळू लागले, आणि इथेच चित्र पालटलं. चहाच्या नफ्यावर कोपऱ्यावरची जागा राखणं जड जात होतं; बिअर ठेवली की गल्ला भरे. अनेक इराण्यांनी आणि उडप्यांनी परमिट रूम काढली. राहिलेली बरीचशी दुकानं संध्याकाळी लवकर शटर ओढतात. पुढे १९९४ मध्ये ड्यूक्स पेप्सीकडे गेलं. आमच्या मते शहराचं खरं नुकसान बाटलीपेक्षा त्या संध्याकाळच्या टेबलाचं झालं.

म्हणून आजही जागा वेळ बघून निवडावी लागते. बेलार्ड इस्टेटमधल्या ब्रिटानियात पालनजीची रासबेरी मिळते, पण जेवण दुपारचं. धोबीतलावच्या क्यानीत सकाळी जावं. दादरच्या प्रकाशमध्ये पीयूष घ्यावं; श्रीखंड आणि ताकाचं हे पेय दाट असतं, तेव्हा ते जेवणावर न घेता नुसतंच घ्यावं.

परमिट रूममध्ये मित्रांसोबत बसायचंच असेल तर मेन्यूवरच्या रंगीत मॉकटेलपेक्षा कोकम सोडा सांगा. आधी विचारा: आगळ आहे की अमृत कोकम? आगळात मीठ असतं, अमृत कोकमात साखर. अमृत कोकम ३० मिली, त्यात चिमूटभर सैंधव आणि भाजल्या जिऱ्याची पूड विरघळवून घ्यायची, मग गार सोडा १५० मिली. मीठ वरून टाकलं तर प्रत्येक कणाभोवती बुडबुडे उठतात, फेस बाहेर येतो आणि पेयातला जोर जातो. सोडा कोमट असेल तर त्यात वायू धरलाच जात नाही, मग बर्फ कितीही घाला.

हल्ली बिनअल्कोहोलची बिअरही मिळते. ती एक तर आंबवणं मध्येच थांबवून करतात, किंवा तयार बिअरमधून कमी दाबाखाली, कमी तापमानाला अल्कोहोल काढून. पहिल्या प्रकारात साखर उरते, म्हणून ती उसाच्या रसासारखी गोडसर लागते. २०१८ च्या अन्नसुरक्षा नियमांत ०.५ टक्क्यांहून जास्त अल्कोहोल असलेलं पेयच मद्य ठरतं. तेव्हा लेबलवर नुसतं ‘नॉन-अल्कोहोलिक’ आहे की ‘०.०’, हे वाचून घ्या. दारू सोडण्यासाठी डायसल्फिरामच्या गोळ्या चालू असतील तर दोन्ही टाळा, आणि शिळी नीराही.