शिंगाचे फाटे मोजून वय कळत नाही

‘शिंगाला जितके फाटे, तितकी हरणाची वर्षं’ हा हिशेब शिकारीच्या गप्पांत छातीठोकपणे सांगितला जातो. साफ चूक आहे. न्यूझीलंडच्या डोंगरदऱ्यांतलं लाल हरीणच घ्या. नराची शिंगं दरवर्षी गळतात, नव्याने उगवतात. फाटे किती फुटणार हे वयाबरोबरच चारा आणि वंशावरही ठरतं. म्हातारपणी ते घटतातही. वयाचा अंदाज हवा तर जबडा उघडून दाढांची झीज बघावी.

शॅमॉयचं मात्र वेगळं. ऑस्ट्रियाच्या सम्राटाने १९०७ साली न्यूझीलंडला भेट पाठवलेला हा प्राणी मुळात हरीण नव्हेच, शेळीच्या कुळातला. त्याची हुकासारखी वाकडी शिंगं जन्मभर टिकतात आणि त्यांवरची वार्षिक वळी खरोखर मोजता येतात. फक्त बुंध्याजवळ ती इतकी दाटीने बसतात की नवखा हमखास चुकतो.