नात्यातलं मूल अमेरिकेत दत्तक न्यायचंय? दत्तकपत्राआधीचे कागद

अमेरिकेतल्या मामा-काकांनी सोलापुरातलं भाचरू किंवा पुतणं दत्तक घ्यायचं ठरवलं, की इकडे वकील गाठला जातो, दत्तहोम होतो आणि दुय्यम निबंधकाकडे दत्तकपत्र नोंदवलं जातं. व्हिसाच्या वेळी नेमकं हेच नडतं. भारत आणि अमेरिका दोघेही १९९३ च्या हेग दत्तक करारात, म्हणजे एका देशातलं मूल दुसऱ्या देशात दत्तक देण्याच्या आंतरराष्ट्रीय करारात, आहेत. त्यामुळे अमेरिकेची तात्पुरती मंजुरी आधी आणि दत्तक नंतर, हाच क्रम. तो उलटा झाला, तर झालेलं दत्तक रद्द करून घेतल्याशिवाय अर्ज सहसा पुढे सरकत नाही. मुलाला पर्यटक व्हिसावर नेऊन तिकडे कागद करू, हा सल्ला कुणी दिला तरी ऐकू नका.

दत्तक घेणाऱ्या जोडप्यापैकी एकजण अमेरिकन नागरिक हवा. दोघांकडे नुसतं ग्रीन कार्ड असेल, तर हा मार्ग नाही. मुलासाठीचा अमेरिकन अर्ज (आय-८००) साधारणपणे त्याच्या सोळाव्या वाढदिवसाआधी दाखल व्हावा लागतो. आपल्या बाल न्याय कायद्यात नातेवाईक म्हणजे मुलाचे काका, आत्या, मामा, मावशी आणि आजी-आजोबा. घरात ज्याला मामा म्हणतात तो आईचा मावसभाऊ असेल, तर तो यात बसतो का, ते आधी विचारून घ्या.

सगळ्यात अवघड अट वेगळीच आहे. जन्मदाते आई-वडील दोघेही हयात असतील, तर ते मुलाचा नीट सांभाळ करू शकत नाहीत हे कागदांनी सिद्ध करावं लागतं. 'भावाला मूलबाळ नाही' हे कारण तिथे चालत नाही. वडिलांची पगाराची पावती आणि स्वतःचा फ्लॅट फाइलमध्ये दिसला, की प्रश्न सुरू होतात. संमती लेखी हवी आणि तिच्यामागे पैशाचा व्यवहार नको.

सुरुवात अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त संस्थेकडून गृहअभ्यास अहवाल, म्हणजे दत्तक घेणाऱ्यांच्या घराची आणि परिस्थितीची पाहणी, करून घेण्यापासून होते. आय-८००ए, म्हणजे पालकांच्या पात्रतेचा अर्ज, त्यासोबत तो जोडताना सहा महिन्यांपेक्षा जुना नसावा. संस्थेमार्फत 'कारा'कडे, म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाकडे, नोंदणी होते. इकडे जिल्हा बाल संरक्षण कक्ष मुलाच्या घरचा अहवाल करतो. मग आय-८०० ला तात्पुरती मंजुरी, अमेरिकन दूतावासाचं हेग करारातल्या कलम ५ चं पत्र, काराचं ना-हरकत, दत्तक आदेश आणि दत्तक हेग करारानुसार झाल्याचं काराचं अनुरूपता प्रमाणपत्र. त्यानंतर पासपोर्ट, वैद्यकीय तपासणी आणि व्हिसा.

अडकतं ते बहुतेक स्पेलिंगवर. सोलापुरात तेलुगू-कन्नड नावं मराठी कारकुनाच्या हातून लिहिली जातात. महापालिकेच्या दाखल्यावर 'व्यंकटेश', आधारवर 'वेंकटेश', शाळेत नुसतं 'व्यंकट'. हे दत्तक आदेशाआधीच एकसारखं करून घ्या, कारण आदेशात पडलेली चूक पुढे पासपोर्टवर आणि व्हिसावरही उतरते. दाखल्यावर बाळाचं नावच नसेल, तर जन्मापासून १२ महिन्यांत ते विनाशुल्क घालता येतं, पुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून.

जुना पासपोर्ट असला तरी आदेशानंतर नव्या पालकांच्या नावाने पुन्हा काढावा लागतो. सोलापूर पुणे पासपोर्ट कार्यालयाच्या अखत्यारीत येतं. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर पूर्ण हवं, शिक्क्यातली अक्षरंसुद्धा. खाली भाषांतरकाराची सही आणि भाषांतर अचूक असल्याचं, दोन्ही भाषा येत असल्याचं निवेदन लागतं. नोटरीचा शिक्का मारला म्हणून ते निवेदन टळत नाही.